चाकामागचा दगड

दगड तिच्या मांडीवर होता. तळहाताहून जरा मोठा, पण उचलताना प्रत्येक वेळी हात फसायचा — डोळ्यांनी धरलेलं वजन आणि हाताला लागलेलं वजन यांत दर वेळी तेवढाच फरक पडायचा, आणि इतक्या वर्षांत हाताने त्यातून काही शिकून घेतलेलं नव्हतं. खनिजाचा दगड. काळपट, मधूनच तांबूस, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उतरता, कुणी चाकाच्या बेताने तासून द्यावा तसा. पण तासला कुणीच नव्हता, भाईंना तो खाणीवर तसाच सापडला होता आणि मारुतीच्या मागच्या सीटखाली गोणपाटात गुंडाळून त्यांनी तो तेवीस वर्षं सांभाळला होता. आता गोणपाट उलगडलेलं, आणि म्हापशाच्या त्या काचेच्या, गारेगार दुकानात, पांढऱ्या फरशीवर तांबड्या धुळीची एक बारीक रेघ सांडलेली… विनोदिनीने चपलेच्या टोकाने ती रेघ हळूच झाकली.

"फातर कित्याक हाडलो, अंकल?" गाड्या विकणाऱ्या साईशने विचारलं. गळ्यात टाय, कपाळावर गंध, हातात माहितीपत्रकं.

"चाकाक बसता काय पळोवंक," भाई म्हणाले, इतक्या साधेपणाने की साईशला हसताच आलं नाही.

भाई म्हणजे तिचे वडील. धाकटे काका त्यांना भाई म्हणत, तेच मुलीच्या तोंडी बसलं. मुळगावात ते सगुण ड्रायव्हर. खाणीवरून बंदरापर्यंत खनिजाचा ट्रक त्यांनी छत्तीस वर्षं चालवला, निवृत्त झाले, मग खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा बंद पडल्या, आणि या सगळ्यात त्यांचं एक काम मात्र अखंड चालू राहिलं — दारात गाडी थांबली की सोप्यावरून ओरडायचं, "फातर लायलो गो, बाय?" घर चढणीच्या टोकाला, गाडी दाराशी थांबते ती उतारावरच थांबते. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकून ठेवायचा, आणि तरीही उतरून मागच्या चाकामागे दगड लावायचा. "ब्रेक म्हणजे मनीस," भाई सांगत. "केन्ना तरी विसरता. फातर विसरना."

ती एक्केचाळीस वर्षांची होती, पेडण्याच्या उच्च माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होती, आणि अजूनही तिला हे दर वेळी विचारलं जात होतं. तिला त्याचा राग येत नव्हता. राग यायचा तो निराळ्याच गोष्टीचा, आणि तो भाईंचा नव्हे… पण ते इथे, परक्या माणसांसमोर, आठवायचं नव्हतं. तिने दगड भाईंच्या हातात दिला. भाई गुडघा धरून खाली बसले, मोतीबिंदू काढलेला डोळा बारीक केला, आणि निळ्या गाडीच्या चाकाला दगड लावून पाहिला. मग पांढऱ्या गाडीच्या. दोन्हीकडे तो बसला. गाडी एकच होती म्हणा, रंग सोडला तर फरक एवढाच, की निळीत पायांपाशी तीन पेडल होती आणि पांढरीत दोन.

"हिका क्लच ना, अंकल. गिअर आपसूक पडता."

"क्लच ना?" भाईंनी पांढरीचं दार उघडून आत वाकून बघितलं. "मागीर डावो पाय घरा दवरून येवचो?"

"पायाक आराम."

"खाणी बंद जाल्यो," भाई म्हणाले, "आतां पायूय बंद?"

या वेळी साईश मोकळेपणाने हसला, आणि विनोदिनीही हसली — आणि हसताहसता तिला जाणवलं, की आपण मनात पांढरी ठरवूनच आलो आहोत, आणि हे भाईंना कसं सांगायचं ते मात्र ठरवलेलं नाही. कारणं होती सांगायला. मुळगाव ते पेडणे रोज दोन बस बदलायच्या, ती धडपड संपवायला गाडी. जुन्या मारुतीला आता रोज एवढं पळवणं बरं नाही. महामार्गाचं काम चाललेलं, जागोजागी खोळंबा, क्लच दाबून दाबून पाय भरून येणार… सगळी खरी कारणं. खऱ्या कारणांचा हा एक फायदा असतो, त्यांच्यामागे आणखी एक कारण उभं करून ठेवता येतं आणि ते कुणाला दिसत नाही.

पांढरी तिने आधी चालवून पाहिली. भाई शेजारी, साईश मागे. गाडी आपली आपण वेग धरत होती, मधेच किंचित थबकून — उत्तर आठवायला विद्यार्थी थांबतो तशी — पुढचा गिअर घेत होती. भाई कान देऊन ऐकत होते. "आतां दुसरो," ते पुटपुटत, "आतां तिसरो… हांगां उशीर केलो." चढावर साईशने मुद्दाम थांबायला सांगितलं. तिने ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी होती तिथेच राहिली.

"पळयलें, मॅडम? फाटीं वचना."

मागे जात नाही. तिने ते शब्द मनात पुन्हा एकदा उच्चारले. मागे जात नाही… किती साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी एवढे पैसे मोजायला आपण तयार आहोत हे या बिचाऱ्याला काय ठाऊक.

मग निळी. त्याच चढावर ती पुन्हा थांबली, आणि पुन्हा निघताना क्लच हळूहळू वर सोडू लागली, आणि तो क्षण आला — पायाखाली बारीकशी थरथर, इंजिनाचा आवाज अर्ध्या स्वराने खाली, गाडी मागेही जात नाही आणि पुढेही. भाई त्याला 'जीव धरता' म्हणत. गाडी जीव धरता, थंय रावचें. तिका घाई करची न्हय. कुठे शिकवलं होतं हे, डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या सड्यावर, रविवारी, खनिजाचे ट्रक थांबलेले असत तेव्हा, तिच्या दोन वेण्या आणि मारुतीचं गरम रबराच्या वासाचं स्टिअरिंग… आताही तिसऱ्या गिअरवर जाताना भाईंचा हात सवयीने तिच्या हातावर आला. कोरडा, खरखरीत, हलका. त्यांना बहुधा कळलंही नसावं. तिने हात काढून घेतला नाही. गिअर पडल्यावरही जरा वेळ तसाच राहू दिला.

परत आल्यावर साईश चहा सांगायला आत गेला. दोघंच निळ्या गाडीत बसून राहिली.

"बाय," भाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "तुका भंय दिसता म्हणून ती दुसरी घेता, तर घेव नाका."

"भंय कसलो? ट्रॅफिकाक लागून, भाई."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. मग बोटाने गिअरच्या मुठीवरचे आकडे एकेक चाचपत, जणू तिथेच काही लिहिलं होतं, ते म्हणाले, "त्या दिसा…" आणि थांबले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. साईश दोन कप घेऊन येत होता, आणि तिला इतका आनंद झाला त्या दोन कपांचा, की दार उघडून ती जवळजवळ धावतच त्याला सामोरी गेली. "सोमवारी फोन करून सांगते कुठली ते," ती म्हणाली.

घरी आल्यावर मारुती दारात थांबली, आणि भाई तिच्याबरोबरच उतरलेले असूनही, दगड तिच्या हातात दिसत असूनही, म्हणाले, "फातर लायलो गो?" तिने लावला. त्यांनी पायाने दाबून पाहिला. रात्री अळसांद्यांचं तोणाक होतं, जेवताना भाईंनी आईला साईशची नक्कल करून दाखवली — "पायाक आराम, अंकल!" — आणि आई पदराने डोळे पुसत हसत राहिली. त्या दिवसाचं एवढंच. तो आधीच्या कितीतरी दिवसांसारखा होता, आणि मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला, भाईंनी उठून उंडे घेतले, सोप्यावर बसले, आणि चहा पितापिता गेले. कप पडला नाही. तो त्यांनी आधी खाली ठेवला होता. गाडी नीट उभी करून मगच उतरणारा माणूस.

*

बाराव्याच्या दिवशी महादेव आला. भाईंचा जोडीदार; कित्येक वर्षं खाणीच्या रस्त्यावर भाईंच्या ट्रकमागे त्याचा ट्रक. सोप्यावर माणसं बसलेली, आणि अशा वेळी सगळेच गेलेल्याचं काहीतरी सांगतात तसं तोही सांगत होता. सगुणाने कधी कुणाला हूल दिली नाही. सगुणाने कधी पिऊन स्टिअरिंगला हात लावला नाही.

"असो मनीस मेळचो ना," महादेव म्हणाला. "पुराय जल्मांत एकूच चूक केली. दारांतली गाडी सोडली!"

आणि माणसं हसली. वाईट नव्हे, मायेने. डोळ्यांत पाणी असलेलं ते हसणं होतं. महादेवने बावीस वर्षं भाईंना या एका गोष्टीवरून चिडवलं होतं. बाजारात, देवळात, लग्नाच्या मांडवात, कुठेही भेटला की पहिला प्रश्न: "फातर लायला मरे, सगुण?" आणि भाई दर वेळी हसत, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते. आईने माझ्याकडे पाहिलं, की पाहिल्यासारखं मला वाटलं… मी एकेकाच्या हातात कप देत गेले. महादेवला पण दिला. साखर पुरे का, एवढंच त्याला विचारलं.

एकच चूक. आणि ती त्यांची नव्हती.

शहाण्णव सालचा मे महिना. मी एकोणीस वर्षांची, लायसन्स हातात येऊन आठवडा झालेला, आणि त्या दिवशी भाईंनी पहिल्यांदाच मला एकटीला डिचोलीच्या बाजारात पाठवलं. मी गेले आणि आले. येताना चढणीवर गाडी बंद पडली नाही — पहिला गिअर, अर्धा क्लच, जीव धरला तिथे थांबले, घाई केली नाही, आणि मारुती एखाद्या शहाण्या म्हशीसारखी चढत दारापर्यंत आली. मला एवढा आनंद झाला होता की ब्रेक ओढला तो ओढला असं नुसतं वाटलं. गिअर न्यूट्रलमध्ये. दगड सीटखाली गोणपाटात. मी धावत आत गेले, भाई चहा पीत होते, "भाई, एकटीन चडयली!" असं मी म्हटलं, आणि त्यांचा चेहरा उजळताना मी पाहिला, तो पुरता उजळायच्या आतच बाहेर खडी चिरडल्याचा आवाज आला. मोठा नव्हे. कुणी सावकाश उतरून जावं तसा.

चढणीच्या पायथ्याशी, वळणावर, राखणदाराची जागा आहे. सातवणीखाली चिऱ्यांचा चौथरा, त्यावर दिव्याचा छोटा कोनाडा. सीमेचं रक्षण करणारा तो; येणारेजाणारे ड्रायव्हर तिथे वेग कमी करतात, हॉर्न वाजवतात, आणि गावात नवी गाडी आली की ती आधी तिथे थांबते, नारळ ठेवून गाराणं घातलं जातं, मगच घरी जाते. मारुती मागच्या मागे जाऊन त्या कोनाड्यावर आदळली होती. थोड्याच वेळापूर्वी तिथून शेजारची दोन पोरं विहिरीवर गेली होती. मला ते आजही दिसतं, न घडलेलं — त्या पोरांच्या हातातल्या कळश्यांसकट.

भाई माझ्या आधी पोचले. मग महादेव, मग आणखी चारपाच जण. भाईंनी एकदा मोडक्या कोनाड्याकडे पाहिलं, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "हांव विसरलों. फातर लायलोच ना."

"तूं?" महादेवला खरंच वाटेना. "अठ्ठावीस वर्सां डोंगर व्हांवून बंदरार घातलो, आनी दारांतली गाडी सांबाळूंक जमली ना?"

"ना जमली," भाई म्हणाले.

का म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही आणि मग फार लवकर कळलं. 'चलयेच्या हातांत गाडी दिली', पोरीच्या हातात, हे वाक्य गावात तयारच होतं, आमच्या घरातसुद्धा होतं, नुसतं कुणीतरी ते उच्चारायचं बाकी होतं. ते उच्चारलं गेलं असतं तर मी पुन्हा कधी त्या सीटवर बसले नसते. म्हणून त्यांनी आपलं नाव पुढे केलं, ट्रक पुढे घालावा तसं, आणि वाट मोकळी ठेवली. पण तेवढ्यावर ते संपलं नाही. पुढच्या रविवारी नवा कोनाडा बसवला, आणि चूक कबूल करायचं गाराणं घालायचं होतं. भाईंनी नारळ हातात घेतला आणि सगळ्यांच्या देखत, देवाच्या समोर, आपल्या तोंडाने सांगितलं: सगुणाच्या हातून गाडी सुटली, ती चूक पोटात घाल, म्हाराजा. आणि गाराण्याची रीत अशी, की एकाने म्हणायचं आणि जमलेल्यांनी होकार द्यायचा, तो दिल्याशिवाय बोललेलं पोचत नाही. सगळ्यांनी दिला. "व्हय, म्हाराजा." त्यात माझाही आवाज होता. खोटं ते बोलले, ते माझ्यासाठी. पण त्या खोट्याला होय मी म्हटलं.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी गाडीची चावी माझ्यापुढे धरली. मागचा दिवा फुटलेला, डिकीला पोचा. "चल, सड्यार," ते म्हणाले. मी नको म्हटलं. "चल गो बाय. आयज न्यूट्रल शिकूया."

त्यानंतर बावीस वर्षं आम्ही त्याबद्दल बोललो नाही. फक्त, "फातर लायलो गो?" मला वाटायचं, सांगण्यासारखं काय आहे, त्यांना ठाऊकच आहे. मग वाटायचं, ठाऊक असणं आणि ऐकणं ह्यात काही फरक असेल का… आणि मग त्या शनिवारी त्यांनीच सुरुवात केली. "त्या दिसा…" आणि मी चहाकडे धावले.

*

जानेवारीत ती पुन्हा त्या दुकानात गेली. साईश दोन वेळा फोन करून, वडील गेल्याचं ऐकून, पुढे थांबला होता, ती आलेली पाहून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अंकलाचो फातर हांव विसरूंक ना, मॅडम."

तिने पांढरी मागितली. आता कुणाला समजवायचं नव्हतं. शाळेतल्या सगळ्यांचं म्हणणं, आता कुणी गिअर बदलत बसत नाही. आईचं म्हणणं, तुझ्या पायाला जी सोसेल ती घे. त्याच चढावर तिने गाडी थांबवली, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी राहिली तिथेच. छान राहिली. काहीही करावं लागलं नाही, कशाची आठवण ठेवावी लागली नाही. हेच तर हवं होतं — ज्या गाडीत तो मे महिना नाही, न्यूट्रल नाही, प्रत्येक उतारावर मानेमागे येणारा तो घाम नाही… आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिचा डावा पाय मघापासून खाली काहीतरी शोधतो आहे. रबरी चटईवर हळूच दाबतो आहे, सोडतो आहे, पुन्हा दाबतो आहे. तिने तो पाय मागे ओढून घेतला. जरा वेळाने तो पुन्हा पुढे गेला होता. अंधारात आपल्या माणसाचं अंथरूण चाचपावं, तसा.

ती खाली त्या पायाकडे बघत राहिली. या गाडीला जीव धरायची वेळच येत नव्हती. तिच्यात चूक करायला जागा नव्हती हे खरं, पण मग भाईंचा हात यायला तरी कुठे जागा होती? भीती काढून टाकायला गेले, आणि भीतीला लगडून जे सगळं आलं होतं — रविवारचा सडा, गरम रबराचा वास, कानाशी पुटपुटलेलं 'आतां तिसरो', चाकापाशी वाकलेली त्यांची पाठ — तेही त्याच पोत्यात बांधून मी देऊन टाकणार होते. भंय दिसता म्हणून घेता, तर घेव नाका. त्यांनी निळी घे असं म्हटलंच नव्हतं. नीट आठवलं, तर तसं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं.

"कुठली करूया, मॅडम?" परत आल्यावर साईशने विचारलं.

"क्लच असलेली," ती म्हणाली. आणि मग, त्याला काही तरी सांगणं भाग आहे असं वाटून, "पायाला काम पाहिजे."

*

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी ती निळी गाडी घेऊन म्हापशाहून निघाली. मागे आई, मांडीवर नारळ, अबोलीचा वळेसर आणि गोणपाटातला दगड. दगड सकाळी मारुतीतून काढून आईनेच धुतला होता, दसऱ्याला भाई धुवायचे तसा, आणि त्यावर एक फूल ठेवलं होतं. अस्नोड्याला आई म्हणाली, "हळू चलयता गो तूं. भाईवरी." भाईंसारखी? विनोदिनीने आरशात पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. या आईला काय काय ठाऊक आहे, याचा हिशेब तिने कधी केला नव्हता; त्या मे महिन्यात आई कुठे होती, परसात, की चुलीपाशी, की जनेलाशी… त्या खिडकीतून दार दिसतं. दारात थांबलेली गाडी दिसते. गाडीतून कोण उतरलं तेही दिसतं.

महादेव सातवणीखाली वाट पाहत होता. स्वच्छ सदरा, हातात काठी. भाई नसताना गाराणं त्यानेच घालायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि तरी ठरलेलंच होतं. तिने गाडी वळणाच्या कडेला घेतली, ब्रेक ओढला, गिअर टाकला, उतरून चाकामागे दगड लावला. महादेव बघत होता. त्याचे ओठ हलले. सवयीचा तो प्रश्न अगदी तोंडापर्यंत आला असावा, आणि विचारायला माणूस नाही म्हणून तिथूनच परत गेला असावा. म्हाताऱ्याने डोळे दुसरीकडे वळवले. तिला त्याची इतकी माया आली की त्याच्यावर रागवावं असं इतके महिने मनात धरलेलं होतं ते कुठे ठेवावं कळेना.

नारळ चौथऱ्यावर ठेवून, त्यावर हात धरून, महादेवने सुरुवात केली. ही भाषा मराठी की कोंकणी यावर ज्यांना भांडायचं होतं ते भांडून झाले होते. राखणदाराने त्यात कधी लक्ष घातलं नाही.

"बा देवा राखणदारा म्हाराजा… आयज ह्या तुज्या लेकरांनी नवी गाडी तुज्या पायांकडे हाडली आसा, ती तुज्या पदरांत घे, म्हाराजा…"

"व्हय, म्हाराजा." आई आणि ती.

"वाटेर, वळणार, चडणीर, देंवणेर, ही चली वचत थंय तूं तिच्या फुडें राव, म्हाराजा…"

"व्हय, म्हाराजा."

चौथऱ्यावरचा कोनाडा तोच होता, भाईंनी बसवलेला. चिऱ्याचा रंग बाकीच्या चिऱ्यांहून अजून किंचित उजळ. बावीस पावसाळ्यांनीही तो फरक गेला नव्हता, किंवा तो फक्त तिलाच दिसत होता.

"आनी म्हाराजा…" महादेवचा आवाज जड झाला. "तुजो सगुण आतां तुजेकडेच आसा. त्याच्या हातांतल्यान जी एक चूक जाली, गाडी सुटली, तुजो दिवो मोडलो, ती आतां तरी पोटांत घाल, म्हाराजा… आनी तशी चूक ह्या घरांत परत घडूंक दिवूं नाका, म्हाराजा…"

"व्हय," आई म्हणाली. नुसतं व्हय, पुढचा शब्द तिने उच्चारला नाही.

महादेव थांबून राहिला. गाडी जी चालवणार, तिचा होकार आल्याशिवाय गाराणं पुढे सरकत नाही. वरच्या सड्यावरून वारा उतरला आणि सातवणीची दोनचार सुकी पानं निळ्या टपावर पडली. एकच शब्द, एका श्वासाचा; तो म्हटला की नारळ फुटेल, खोबरं वाटलं जाईल, घरी चहा होईल, आणि आयुष्यात एकच चूक केलेला चांगला माणूस तसाच राहील, सगळ्यांच्या मायेत, हसण्यावारी. कुणाचं त्यात काय बिघडतं? त्यांचंही बिघडलं नव्हतं… की बिघडलं होतं? तिला मानेमागे तो घाम जाणवला, नेहमीचा, उतारावरचा. आणि त्याच्या खाली, त्याहून खोल, दुसरंच काही — बारीकशी थरथर, आवाज अर्ध्या स्वराने खाली, मागेही नाही आणि पुढेही नाही. तिने ते ओळखलं. घाई केली नाही. जिथे जीव धरतो तिथे राहिली, त्यांनी शिकवलं होतं तशी, आणि हातावर कुणाचा तरी कोरडा, खरखरीत, हलका हात असल्यासारखी.

"न्हय, म्हाराजा," ती म्हणाली.

महादेवने वळून पाहिलं. गाराण्यात हा शब्द नसतो. त्याने सत्तर वर्षांत तो तिथे ऐकला नव्हता. आईने जोडलेले हात सोडले नाहीत आणि मानही वर केली नाही.

"न्हय," विनोदिनी पुन्हा म्हणाली, आणि आता ते राखणदाराला नव्हतं, महादेवलाही नव्हतं. "भाईन न्हय. ती गाडी हांवें सोडिल्ली."